मथळ्यातला ‘नाही’ कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी बातम्यांच्या वेबसाइटबद्दल वाचकांची तक्रार बहुधा जाहिरातींपाशी येऊन थांबते. जाहिरातींकडे वळण्याआधी एक मथळा पाहावा: ‘जिल्ह्यातील शाळा सोमवारपासून बंद राहणार नाहीत’. छापील अंकात तो दोन ओळींत आरामात बसतो. मोबाइलवर छायाचित्राशेजारच्या चौकटीला दोन ओळींची मर्यादा घातलेली असते. तिसरी ओळ लागली की ब्राउझर पुढचे सारे गिळतो आणि तीन टिंबे ठेवतो. वाचकापुढे उरते ते ‘जिल्ह्यातील शाळा सोमवारपासून बंद…’. बातमी बरोबर, मथळा बरोबर, प्रूफ तपासलेले, तरी वाचकाला कळले ते नेमके उलटे. आणि चौकट न उघडताच पडद्याचे चित्र ग्रुपवर ढकलून देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

हा साचा इंग्रजीसाठी बेतलेला आहे. इंग्रजी वाक्यात क्रियापद आणि नकार लवकर येऊन जातात, त्यामुळे शेपूट तोडली तर तपशील जातो, अर्थ बहुधा वाचतो. मराठीत क्रियापद, नकार, प्रश्न, सगळे शेवटी. ‘अटक करण्याची मागणी फेटाळली’ यातले ‘फेटाळली’ गेले की मागणी तेवढी राहते. छापील पानावर हा प्रश्न उपसंपादक सोडवत असे. कोणत्या टाइपात, किती कॉलमांत, किती अक्षरे मावतात याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असे. मथळा बसला नाही तर शब्द बदलायचा, कात्री लावायची नाही. वेबवर तो हिशेब कोणाकडेच राहिलेला नाही. मथळा लिहिणाऱ्याला चौकट दिसत नाही आणि चौकट आखणाऱ्याला मराठी येत असेलच असे नाही.

उपाय महागडा नाही. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर छायाचित्राची जागा सोडली की मथळ्याला साधारण २०० पिक्सेल उरतात. १८ पिक्सेलच्या ठळक अक्षरात दोन ओळींत जोडाक्षर एक धरून वीसेक अक्षरे मावतात. बातमी भरण्याच्या अर्जात ‘लघुमथळा’ असा वेगळा रकाना ठेवावा, त्याला ही मर्यादा घालावी आणि शेजारीच चौकटीचा खऱ्या मापाचा नमुना दिसावा. ‘शाळा सोमवारी सुरूच राहणार’ हे त्यात बसते आणि कापले गेले तरी उलटत नाही. हे जमणार नसेल तर ओळींची मर्यादा काढून टाकावी. चौकट थोडी उंच होईल, एवढेच.

कापाकापीचा दुसरा प्रकार पडद्यावर येण्याआधी, सर्व्हरवरच होतो. संगणक अक्षरे मोजत नाही, संकेत मोजतो. ‘महाराष्ट्र’ आपल्याला चार अक्षरांचा. संगणकाला दहा संकेतांचा, कारण काने आणि हलन्त चिन्हेही वेगळी मोजली जातात. सातव्या संकेतावर कापले की ‘महाराष्’ असा पाय मोडलेला शब्द उरतो. नोंदणी अर्जातल्या नावाच्या रकान्याची मर्यादा अशीच मोजली जाते. ‘श्रीकृष्ण’ दिसायला तीन अक्षरे, मोजायला नऊ. वीस संकेतांच्या रकान्यात नाव आणि आडनाव मिळून मराठी माणूस मावत नाही. पूर्ण अक्षर एकक धरून मोजण्याची सोय आजच्या ब्राउझरांत आहे, इंटल-सेगमेंटर नावाची. ती वापरायची तेवढी बाकी आहे.

आता ओळीकडे. निर्णयसागर छापखाना १८६९ चा. जावजी दादाजींनी तिथे देवनागरी खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, जो दर्जा गाठला तो पुढे देशभर प्रमाण मानला गेला. खिळे जुळवून ओळी लावणाऱ्या त्या काळच्या जुळाऱ्यांना एक गोष्ट हाताला माहीत होती: देवनागरीची ओळ तीन मजली असते. मध्ये अक्षरे, वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार. डिग्री पद्धतीच्या जुळणीत हे मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी भरले जात. वरच्या मजल्यावर चिन्ह नसले तरी तिथे कोरा तुकडा घालावाच लागे, नाहीतर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट, आवळताना ओळ ढिली पडे. म्हणजे जागा सोडायची की नाही हा मर्जीचा प्रश्नच नव्हता, धातूच ती जागा मागून घेई. शिवाय ओळींच्या मध्ये लेड, म्हणजे शिशाची पातळ पट्टी, बहुधा दोन पॉइंटांची.

वेबवर ही सक्ती गेली. लाइन-हाइट म्हणून जो आकडा लिहाल तेवढीच ओळ उंच, अक्षरे मावोत न मावोत. २०११ मध्ये आलेला बूटस्ट्रॅप हा साचा असंख्य वेबसाइटच्या मुळाशी आहे. त्यात मजकुराच्या ओळीची उंची अक्षराच्या दीडपट आणि मथळ्याची १.२ पट धरलेली असते. रोमन लिपीला १.२ शोभते, तिच्यात ओळीच्या वर-खाली डोकावणारी अक्षरे थोडी. देवनागरीत वरच्या ओळीत ‘मृत्यू’ आणि बरोबर खाली ‘कंपनीवर कार्यवाही’ आले की ऋकार, दीर्घ ऊकार, अनुस्वार, वेलांटी आणि रफार यांची एकाच पट्टीत गर्दी होते. टेलविंड नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय साच्यात तर सर्वांत मोठ्या मथळ्यांना उंची १ आहे; तिथे चिन्हे एकमेकांवर चढतात.

गर्दी एक वेळ चालेल, कापणे चालणार नाही. मथळ्याच्या पेटीला ‘बाहेर गेलेले लपवा’ अशी सूचना दिलेली असली आणि ओळ आखूड असली तर वरची चिन्हे छाटली जातात. पहिला बळी अनुस्वाराचा. ‘शिक्षकांचा राजीनामा’ आणि ‘शिक्षकाचा राजीनामा’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. रफार गेला की ‘वर्ग’चा ‘वग’ होतो. निदान तिथे वाचकाला संशय तरी येतो. अनुस्वार गेल्यावर कोणताही संशय येत नाही.

माझ्या मते मराठी मजकुराला १.६ ते १.७५ आणि मथळ्याला १.३५ ते १.४५ एवढी उंची द्यावी. आकडा पटीत लिहावा, पिक्सेलमध्ये नाही. ओळ २४ पिक्सेलला बांधून ठेवली आणि ज्येष्ठ वाचकाने मोबाइलमध्ये अक्षर मोठे केले की अक्षर वाढते, ओळ वाढत नाही, आणि मग वाचायला काहीच राहत नाही. वेबच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २०१८ पासून हे स्पष्ट आहे: वाचकाने ओळीची उंची अक्षराच्या दीडपट केली तरी मजकूर छाटला जाता कामा नये. छापखान्यातली लेड ओळीखाली जाई. ब्राउझर वाढीव जागा अर्धी वर आणि अर्धी खाली वाटतो. म्हणून बटणावरचा ‘जमा’ कधी कधी मधोमध न दिसता खाली सरकलेला वाटतो. फॉन्टने वरच्या चिन्हांसाठी राखलेली जागा मोकळी राहिलेली असते. तिथे खालचे पॅडिंग, म्हणजे बटणाच्या आतली मोकळी जागा, पिक्सेल-दोन पिक्सेल वाढवून डोळ्याने बरोबर करावे. मोजपट्टीचा हट्ट धरू नये.

यात जाळीदार (ग्रिड) मांडणीचा दोष नाही, हेही सांगायला हवे. बारा स्तंभांच्या ज्या जाळीवर आजची पाने उभी आहेत तिचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये, १९५० आणि ६० च्या दशकांत, आरेखनकार योझेफ म्युलर-ब्रोकमान आणि त्यांच्या समकालीनांच्या कामात सापडते. त्यांची पद्धत उलट दिशेची होती. आधी अक्षराचा आकार आणि ओळीची उंची ठरवायची, मग तिच्या पटीत चौकटींची उंची काढायची. आपण तयार चौकटी घेतल्या, त्यांच्या आतले रोमन ओळीचे माप तसेच ठेवले आणि त्यात देवनागरी ओतली.

लिपीने यंत्रापुढे नमते घेण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. खिळ्यांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही डोके लढवले होते. १९३० च्या दशकात हरि गोविल यांच्या प्रयत्नांतून देवनागरी लायनोटाइपवर, म्हणजे अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्रावर, आली तेव्हा त्याच्या ९० वाहिन्यांच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे अक्षरसाच्यांच्या पेटीत, बाराखडी कोंबण्यासाठी जोडाक्षरांची मोडतोड करावी लागली. पण त्या तडजोडी जाणून-बुजून, अक्षर कळणाऱ्या माणसांनी केल्या होत्या. आज यंत्राची तशी अडचणच नाही. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. विंडोज २००० सोबत र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल फॉन्ट घरोघर पोचला. आता तर मुक्त, नोटो, हिंद, तिरो देवनागरी मराठी असे चांगले फॉन्ट फुकट मिळतात. साधने आहेत, मापे चुकीची आहेत.

रोमनकडून उसनी घेतलेली अलंकरणे ही वेगळीच डोकेदुखी. इंग्रजी पानावर छोट्या शीर्षकांची अक्षरे कॅपिटल करून विरळ मांडण्याची प्रथा आहे. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे तो अर्धा भाग आपोआप निष्फळ ठरतो, उरतो लेटर-स्पेसिंग. एक-दोन पिक्सेल अंतर टाकले की शिरोरेषा तुटते आणि ‘राशिभविष्य’ सुटे सुटे लोंबकळू लागते. देवनागरीत शब्द डोळ्यांना एकसंध दिसतो तो शिरोरेषेमुळे. ती तोडली की वाचक अक्षरे लावत बसतो. मराठी पानांवर हे मूल्य शून्य असावे, अपवाद नको.

तिरपे अक्षर तसेच. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये इटॅलिक वळण घडवलेलेच नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपे करतो. काना कलंडतो, वेलांटी शेजारच्या अक्षरावर झुकते. फॉन्टची ठळक फाइल जोडलेली नसेल तर ठळकपणाही असाच नकली येतो: रेघ फुगवली जाते, आणि ‘द्ध’, ‘ष्ट्य’, ‘ह्म’ यांची पोटे भरून काळे ठिपके होतात. अशी नकली रूपे बनवणारे फॉन्ट-सिंथेसिस बंद ठेवावे, जोर द्यायला ६०० किंवा ७०० वजनाची (ठळकपणाची) खरी फाइल वापरावी, उद्धरणाला अवतरणचिन्हे पुरेशी आहेत. दुव्याखालची रेघ ही टंकलेखन यंत्राची देणगी. वर शिरोरेषा आणि खाली अधोरेघ, अशात शब्द दोन रुळांमध्ये अडकतो. उकार टाळण्यासाठी ब्राउझर ती रेघ जागोजाग तोडतो ते आणखी वाईट दिसते. ती अक्षराच्या पाव पट खाली सरकवली की बरेच सावरते. काढून टाकू नये. रंग न ओळखता येणाऱ्या वाचकाला दुवा त्या रेघेनेच कळतो.

अक्षराच्या आकाराबद्दल थोडक्यात. ब्राउझरचे मूळ माप १६ पिक्सेल, म्हणजे १२ पॉइंट, जुना एक पायका. रोमनला ते पुरते. देवनागरीत शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या उंचीत ‘ष्ट्र’ आणि ‘क्ष्म’ बसवायचे असतात, म्हणून १८ ते २० घ्यावे. संगणकाच्या रुंद पडद्यावर ओळ ३० ते ३४ एमपेक्षा (एक एम म्हणजे अक्षराच्या मापाएवढी लांबी) लांब जाऊ देऊ नये. १,२०० पिक्सेलभर पसरलेल्या ओळीचे शेवटचे टोक गाठल्यावर पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतल्या उठावाचा निकष किमान ४.५ ला १ असा आहे. तारीख, वार्ताहर आणि छायाचित्राखालच्या ओळी ज्या फिकट करड्या रंगात असतात, त्यातला ९९९९९९ क्रमांकाचा करडा पांढऱ्यावर जेमतेम २.८ भरतो. ७६७६७६ पास होतो. उन्हात बसथांब्यावर मोबाइल पाहणाऱ्याला याहून गडदच द्यावा.

दोन्ही कडा सरळ ठेवण्याचा हव्यास मात्र सोडावाच लागेल. कागदावर कॉलमच्या कडा जुळवताना जुळारी शब्दांमधले अंतर थोडे थोडे वाटून घेई, शब्द तोडी, आणि अगदीच नाइलाज झाला तर संपादकीय टेबल एखादा शब्द उडवी. मोबाइलवर १८ पिक्सेलच्या ओळीत पाच-सहा शब्द मावतात. त्यात ‘महानगरपालिकेच्या’ पुढच्या ओळीत गेला की मागे उरलेल्या चार शब्दांना सगळी ओळ ताणून भरावी लागते, आणि परिच्छेदात वरून खाली पांढऱ्या भेगा पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हेच मोबाइलवर योग्य.

भाषेची खूणही पाहावी. पानाच्या सुरुवातीला ‘लँग’ नावाचा शिक्का असतो. तिथे मराठीसाठी ‘एमआर’ हवे. साचा हिंदी वेबसाइटवरून उचललेला असला तर ‘एचआय’ राहून जाते, इंग्रजीवरून उचलला तर ‘ईएन’. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ घडवलेले आहेत तेसुद्धा ही खूण पाहूनच ती वळणे बाहेर काढतात. खूण चुकली की पाकळीच्या ‘ल’ऐवजी दंडाचा येतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची वर्णमाला प्रमाणित केली. एका शब्दाच्या खुणेअभावी ती पडद्यावर पोचत नाही. यापेक्षा गंभीर म्हणजे अंध वाचकाचे वाचन-सॉफ्टवेअर याच खुणेवरून आवाज निवडते. ‘ईएन’ असेल तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली होतो. तो अडखळतो, किंवा वाचतच नाही.

शोधाचा घोळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची तक्रारही येत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकला जातो: नुक्तेवाला ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसतात दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला २००८ मध्ये युनिकोडने स्वतंत्र जागा दिली, त्याआधीचा आणि आजही कित्येक कळफलकांवरून येणारा ‘ॲ’ हा ‘अ’ आणि चंद्र जोडून केलेला असतो. म्हणजे ज्या वार्ताहराचा कळफलक वेगळा त्याच्या बातम्या शोधात सापडतच नाहीत. जुळाऱ्याच्या खिळ्यांच्या पेटीत ‘ऱ्य’चा कप्पा एकच होता, हा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. बातमी साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळा, ही रूपे एकसारखी करणारी छोटी आज्ञावली बसवावी. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात कोणी ‘९८’ असे देवनागरी आकडे टाकले तर ‘अवैध क्रमांक’ म्हणून हाकलू नये. दहा चिन्हांची अदलाबदल सर्व्हरने मुकाट करावी.

राहिल्या जाहिराती. त्या नकोत असे कोणी म्हणत नाही, छापील अंकही त्यांच्यावरच चालला. पण कागदावर डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, आखताना जाहिरातीची जागा कॉलम सेंटिमीटरमध्ये आधी बांधली जाई आणि बातम्या उरलेल्या जागेत लागत. छापून झालेल्या पानावर जाहिरात मागाहून घुसत नसे. वेबवर बातमी आधी येते, जाहिरात दोन-तीन सेकंदांनी, आणि तिला जागा राखलेली नसल्याने ती खालचा सारा मजकूर ढकलते. वाचक ‘सविस्तर वाचा’वर बोट ठेवतो आणि उघडतो भलताच विक्रेता. देवनागरी फॉन्टची फाइल जड असते. ती उशिरा पोचल्यावर अक्षरांची रुंदी बदलते आणि पान आणखी एक उडी मारते. या उड्यांचे गूगलचे माप आहे, सीएलएस, ते ०.१ च्या आत हवे. त्यासाठी जाहिरातीच्या पेटीला किमान उंची आधीच द्यावी, जाहिरात आली नाही तरी ती जागा मिटवू नये, आणि फॉन्टची दोनच वजने पाठवावीत, चार नव्हे.

बदल मराठीत तपासण्यासाठी एक ओळ देत आहे. इंग्रजी नमुना मजकुरावर पान तपासून ते चालू करण्याची सवय आहे, त्यातच निम्मे घोटाळे लपतात. ही ओळ मथळा, चौकट, बटण आणि मजकूर या चारही ठिकाणी, दोनदा लागोपाठ टाकावी: ‘शेतकऱ्यांच्या मृत्यूंबद्दल कर्तृत्ववान वाङ्मयीन दृष्ट्या उद्ध्वस्त मूर्तींचे ॲप बंद राहणार नाही’. अर्थ शोधू नये. ३६० पिक्सेलच्या स्वस्त मोबाइलवर, अक्षर दुप्पट मोठे करून पाहावे. सर्व अनुस्वार आणि रफार शाबूत आहेत का, ‘ङ्म’ आणि ‘द्ध्व’ फुटले नाहीत ना, शिरोरेषा अखंड आहे का, आणि शेवटचा ‘नाही’ पडद्यावर दिसतो का, एवढे बघितले की बहुतेक दोष तिथल्या तिथे सापडतील. हे पत्र आपल्या तंत्रविभागाकडे पाठवल्यास आभारी राहीन.

कळावे,
मुद्रण आणि वेब-मांडणी क्षेत्रातील एक वाचक,
पुणे